शेगडी ओढ्याकाठी: सिग्नल क्रेफिशच्या नोंदी

११ मे २०२४, शनिवार

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये विंडरश नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आमचा भाजीचा तुकडा आहे, एका शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेला. आज कांद्याला पाणी घालायला गेलो तर कुंपणाचा एक खांब ओढ्यावर लोंबकळत होता. तारेने धरून ठेवलाय म्हणून, नाहीतर वाहून गेला असता. खाली उतरून पाहिलं तर काठ आतून पोखरलेला. पाण्याच्या रेषेला लागून मुठीएवढी भोकं, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यांसारखी एकाशेजारी एक.

एका भोकात काठी घातली. हातभर आत गेली तरी तळ लागेना, आणि आतून कुणीतरी काठी धरली. अक्षरशः धरली. ओढली तर टोकाला लटकून एक तपकिरी प्राणी बाहेर आला, दोन क्षण हवेत विचार केला आणि शेपटीच्या एका फटक्यात उलटा पाण्यात गेला. अंग मोठ्या कोळंबीचं, नांग्या खेकड्याच्या.

शेतकरी ट्रॅक्टरवरून पाहत होता. म्हणाला, "अमेरिकन क्रेफिश. खात असाल तर सगळे घेऊन जा." खात असाल तर! कोकणातून आलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला?

१४ मे, मंगळवार

दोन रात्री वाचनात गेल्या. 'सगळे घेऊन जा' इतकं ते सोपं नाही.

हा सिग्नल क्रेफिश. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. ब्रिटनमध्ये १९७६च्या सुमारास स्वीडनमार्गे आणला तो मुद्दाम, शेतीला जोडधंदा म्हणून: तळ्यात वाढवा, युरोपला विका. तळ्याचा काठ चढून जमिनीवरून चालत जाणाऱ्या प्राण्याला तळ्यात कोंडता येईल असं कुणाला वाटलं कोण जाणे. तो नद्यांत उतरला आणि सोबत एक रोग घेऊन आला. अफॅनोमायसिस अस्टासाय नावाची पाण्यातली बुरशीसारखी जात, बोलीभाषेत क्रेफिश प्लेग. अमेरिकन क्रेफिश तो अंगावर बाळगून निवांत जगतो, पण युरोपातल्या मूळ जाती त्याने पटापट मरतात. इटलीत हा रोग १८५९-६०च्या सुमारासच दिसला होता. इंग्लंडचा स्वतःचा पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश आता कुठे कुठे उरलाय, त्याला १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आता नियम. सापळा लावायला एन्व्हायर्नमेंट एजन्सीची, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याची, लेखी परवानगी लागते, जमीनमालकाची वेगळी. प्रत्येक सापळ्याला एजन्सीने दिलेला बिल्ला हवा. सापळा ६०० मिलिमीटरपेक्षा लांब नको, ३५० पेक्षा रुंद नको, जाळीचं भोक ३० पेक्षा मोठं नको आणि तोंड ९५ पेक्षा रुंद नको, कारण पाणमांजर आत शिरलं तर बुडून मरतं. सिग्नल एकदा पकडला की परत पाण्यात सोडणं बेकायदा. जिवंत घरी नेणंही बेकायदा. २०१९च्या आक्रमक परक्या प्रजातींच्या आदेशात ते आलंय.

हा शेवटचा नियम वाचून मी लॅपटॉप मिटला. कारण मी पाहिलेल्या प्रत्येक पाककृतीत पहिली पायरी एकच: क्रेफिश एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवा, पोट साफ होऊ द्या. ती पायरी इथे बादच. बरं, काठावर मारून घरी नेऊन शिजवावे, तर मेलेला क्रेफिश फार लवकर उतरतो. डोक्यातल्या ग्रंथीचे पाचकरस शेपटीचं मांस पिठूळ करून टाकतात.

म्हणजे क्रेफिश स्वयंपाकघरात येणार नाही. स्वयंपाकघर ओढ्यावर न्यायचं. या प्रकल्पाचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. पुढच्या नोंदी त्याच्याच उचापती.

१८ मे, शनिवार

अर्ज पाठवला. शेतकऱ्याने पत्र दिलं, त्यात 'कृपया' हा शब्द तीनदा आहे.

तेवढ्यात उतावळेपणाने ऑनलाइन तीन घडीचे सापळे मागवले होते, चौदा पौंडांना एक. आज आले. नायलॉनच्या जाळीचे, छत्रीसारखे उघडणारे, दोन्ही बाजूंना नरसाळ्यासारखी तोंडं. फूटपट्टी लावली: तोंड १२० मिलिमीटर. विकणाऱ्याच्या जाहिरातीत 'क्रेफिशसाठी उत्तम' असं ठळक लिहिलंय, तोंडाचं माप कुठेही नाही. परत पाठवायचं टपालच सहा पौंड. नको. शेडमध्ये प्लास्टिकचा जुना पाइप पडला होता, आतून ९० मिलिमीटर. त्याच्या दोन बोटं रुंदीच्या कड्या कापल्या, कडा कानशीने घासल्या, आणि प्रत्येक तोंडात एक कडी बसवून मासेमारीच्या दोऱ्याने गच्च शिवली. एका सापळ्याला दोन कड्या, तीन सापळ्यांना सहा. चौथ्या कडीला अंगठ्यात सुई गेली.

२६ जून, बुधवार

परवानगी आली. बिल्ले आले. एवढ्याशा प्लास्टिकच्या पट्टीसाठी पाच आठवडे थांबलो, त्यामुळे लग्नाच्या पत्रिकेसारखे ते दोनदा हातात घेऊन पाहिले.

३० जून, रविवार

काल संध्याकाळी सातला तीन सापळे टाकले, आज सकाळी साडेसहाला काढले. चार मिळाले.

चारच, पण ओळख पटवायला बरे. नांगी उलटी केली की खालून लाल, विटेसारखी. वरच्या बाजूला, नांगीची दोन बोटं जिथे जुळतात त्या सांध्यावर पांढरट-निळसर ठिपका. रेल्वेचा सिग्नलमन झेंडा दाखवायचा तसा तो उठून दिसतो, म्हणून नाव सिग्नल. मूळच्या इंग्लिश क्रेफिशची नांगी खालून फिकट असते आणि हा ठिपका नसतो. तो सापडला तर तिथल्या तिथे सोडायचा. चारही सिग्नल निघाले, चारही नर.

धरायचा कसा, हे पहिल्याच फटक्यात शिकलो. पाठीवरून, नांग्यांच्या मागे, अंगठा आणि तर्जनीने. खेकड्याला तसा धरला की नांगी मागे वळत नाही. याची वळते. थोडी, पण वळते. हातमोज्यातून चिमटा बसला.

मारणं. याबद्दल बहुतेक पाककृती गप्प बसतात, म्हणून लिहितो. ब्रिटनच्या २०२२च्या प्राणी-संवेदना कायद्यात खेकडे, लॉबस्टर, क्रेफिश यांना वेदना जाणवणारे प्राणी म्हणून धरलंय. कायदा नसता तरी उकळत्या पाण्यात धडपडणारा जीव बघत उभं राहायची माझी तयारी नव्हती. थर्मासच्या पेटीत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी असा चिखल करून नेला होता. त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवले. आधी नांग्या सैल पडतात, मग पाय, शेवटी डोळ्यांचे देठ हात लावला तरी हलत नाहीत. मग फळीवर ठेवून डोक्याच्या मध्यरेषेवर सुरीचं टोक एकदाच, ठाम. पहिल्या वेळी माझा हात ठाम नव्हता.

चार क्रेफिश छोट्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडले. प्रत्येकी एक खाल्ला आम्ही तिघांनी. चौथ्यावरून लेकीशी भांडण झालं.

७ जुलै, रविवार

आमिषाचा प्रयोग. तीन सापळे, दहा-दहा पावलांवर, एकाच खोलीवर.

पहिल्यात बांगड्याचं डोकं. इथला अटलांटिक बांगडा आपल्याकडच्यापेक्षा लांबोडका, पण वास तोच, तेलकट आणि लांबवर जाणारा. दुसऱ्यात मांजराच्या खाण्याचा डबा, खिळ्याने भोकं पाडून. तिसऱ्यात कोंबडीची पाठ, जी मी तीन दिवस मुद्दाम बाहेर ठेवून सडवली होती, कारण लोक म्हणतात क्रेफिशला सडकं आवडतं.

सकाळचा हिशोब: बांगडा ११, मांजराचा डबा ५, कोंबडी १. आणि तो एक क्रेफिश आमिषाकडे पाठ करून बसला होता.

सडक्याची गोष्ट आता मी तरी मानणार नाही. क्रेफिश मेलेलं खातो, पण ताजं मेलेलं. आणखी एक: गोड्या पाण्यातला मासा आमिष म्हणून वापरायचा नाही असं मी ठरवलंय. एका नदीचा रोग दुसऱ्या नदीत न्यायला तेवढं पुरतं. बांगडा समुद्राचा, त्याची ती भीती नाही.

१४ जुलै, रविवार

परवा जोराचा पाऊस. ओढा चहाच्या रंगाचा. दोन मिळाले. खाल्ले नाहीत, अशा पावसानंतर वरून काय काय वाहून येतं ते वासावरून कळतं. कांद्याच्या वाफ्यात पुरले.

२१ जुलै, रविवार

आज पहिल्यांदा सगळं जमून आलं, म्हणून सविस्तर.

काठावर दोन फळ्या टाकून ओटा केला. एक बर्नरची गॅस शेगडी, तिच्याभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून बिस्किटांच्या डब्याचा पत्रा. बारा लिटरचं पातेलं. पाणी घरून आणलेलं. ओढ्याच्या पाण्यात शिजवायचं नाही. बर्फाची पेटी, फळी, सुरी, झारा, दोन टॉवेल.

सापळे वर काढले तेव्हा जाळीतून येणारा आवाज ऐकण्यासारखा होता. सुकं चिंचेचं बोटूक मोडावं तसा कटकट आवाज, सतत. एकतीस. सगळ्यांत मोठा नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत १४ सेंटिमीटर, त्याची डावी नांगी उजवीच्या निम्मी. तुटलेली नांगी परत फुटते, पण दर कात टाकताना थोडी थोडी वाढते, त्यामुळे बराच काळ बारकीच दिसते. या गड्याने मारामाऱ्या केलेल्या असणार.

बर्फ, मग सुरी. मग काळा धागा, आणि इथे पोट साफ करायची हुकलेली पायरी भरून निघते. शेपटीच्या टोकाला पाच पाकळ्यांचा पंखा असतो. मधली पाकळी धरायची, अर्धा पीळ डावीकडे, अर्धा उजवीकडे, कट्ट असा आवाज आला की सरळ मागे ओढायची. आतडं पाकळीला चिकटून अख्खं बाहेर येतं. घाईने ओढलं तर मध्येच तुटतं आणि मग शिजल्यावर पाठ चिरून काढावं लागतं. पहिल्या दहांत माझे सहा तुटले. शेवटच्या दहांत एक.

पाण्याला खळखळून आधण आल्यावरच टाकायचे, आणि एका वेळी आठ-दहाच. सगळे एकदम ओतले की उकळी बसते, कोमट पाण्यात मांस कवचाला चिकटतं आणि सोलताना निम्मं कवचातच राहतं. उकळी परत आली की सात मिनिटं, मोठ्यांना आठ. कच्चट ठेवायचा मोह कुणी करू नये. नदीतल्या क्रेफिश-खेकड्यांतून फुप्फुसात जाणारी कृमी जगाच्या बऱ्याच भागांत आहे, आणि आमच्या ओढ्याच्या पाण्याबद्दल वर लिहिलंच आहे.

रंग बदलतो तो क्षण लेकीला दाखवला. तपकिरी-हिरवट अंग दहा सेकंदांत शेंदरी. लाल रंगद्रव्य आधीपासूनच कवचात असतं, प्रथिनाने त्याला बांधून काळपट केलेलं असतं. उष्णतेने प्रथिन सुटतं आणि लाल मोकळा होतो. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, तो आतून लालच होता?" हो, असंच म्हणायचं.

वजनं: एकतीस नग १.९ किलो. सोलून शेपटीचं मांस २८५ ग्रॅम, म्हणजे शेकडा पंधरा. मोठ्यांच्या नांग्या फोडून आणखी ६० ग्रॅम, त्यासाठी तासभर. तीन माणसांचं एक बरं जेवण. त्यामागे दोन फेऱ्या, सहा किलो बर्फ आणि अर्धा सिलिंडर. हे परवडतं का, असं बायकोने विचारलं. मी उत्तर द्यायचं टाळलं.

चव? लोणी, लिंबू, मिरपूड, बस. लॉबस्टरपेक्षा नाजूक, कोळंबीपेक्षा गोड, आणि शेवटी जिभेवर किंचित मातीची आठवण. ती माती नको असणाऱ्याने समुद्रावर जावं.

२२ जुलै, सोमवार

सापळे, गमबूट, दोऱ्या: झटकून, ४५ अंशांच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं, मग उन्हात पूर्ण कोरडे. प्लेगचे बीजाणू ओल्या वस्तूवरून दुसऱ्या नदीत जातात आणि तिथे मूळ क्रेफिश असला तर तो संपतो. हे काम दर वेळी करतोय, पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

४ ऑगस्ट, रविवार

ऑफिसात एक स्वीडिश सहकारी आहे. तिला फोटो दाखवले, तर ती जेवण सोडून उठून आली. त्यांच्याकडे ऑगस्ट म्हणजे क्रेफिशचा महिना: कागदी टोप्या, कंदील, गाणी, आणि बशीभर थंड क्रेफिश. तिथेही मूळचा क्रेफिश १९०७पासून प्लेगने मरत गेला आणि १९६०च्या दशकात त्याच्या जागी अमेरिकेतून सिग्नल आणला. म्हणजे आमच्या ओढ्यातले एका अर्थी तिच्याच माहेरचे.

तिची कृती: एक लिटर पाण्याला ६५ ग्रॅम जाडं मीठ, थोडी साखर, आणि फुलांवर आलेली डिल, मूठभर नव्हे, जुडीभर. डिल म्हणजे आपला शेपू. ज्याच्या नावाने निम्मा महाराष्ट्र ताट सरकवतो तो शेपू. भाजीच्या तुकड्यावर माझा शेपू लक्ष न दिल्याने फुलून छत्र्या झालाच होता. आळशीपणाचं असं फळ क्वचित मिळतं.

अडतीस नग, २.४ किलो. पाच लिटर पाणी, सव्वातीनशे ग्रॅम मीठ. पाणी शेपूसकट दहा मिनिटं उकळून घेतलं, मग क्रेफिश टप्प्याटप्प्याने. शिजल्यावर पाणी ओतायचं नाही. पातेलं बर्फात बसवून थंड करायचं, वर ताज्या छत्र्या टाकायच्या आणि तसंच घरी आणून फ्रिजमध्ये रात्रभर. मीठ आणि शेपू आत मुरतो तो या थंड तासांत. शिजलेले मेलेले क्रेफिश घरी आणायला काही अडचण नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी खाल्ले, थंड, हाताने. शेपटी पिळून काढायची, कवचात साचलेलं खारं पाणी चोखायचं आणि मग मांस. शेपूचा उग्रपणा कुठे गेला कळलं नाही; राहिला तो बडीशेपेकडे झुकणारा गारवा. बायको, जी शेपूची जुडी घरात आणू देत नाही, ती अकरा खाऊन उठली. सोलायच्या कामावर मात्र तिचं मत असं: "एवढ्या कष्टात मी चार चिंबोऱ्या फोडल्या असत्या."

११ ऑगस्ट, रविवार

सव्वीस. आज घरचं वाटण: भाजलेला कांदा-खोबरं, लसूण, धणे, मिरी. डोकी आणि कवचं तव्यावर परतून, ठेचून, पाणी घालून वीस मिनिटं उकळली, गाळली. त्या पाण्यात वाटण आणि वर कोकम.

रस्सा उत्तम झाला. क्रेफिश त्यात हरवला. शेपटीचा तुकडा दाताखाली यायचा तेव्हा तो कोळंबी असती तरी फरक पडला नसता. खेकड्याचा रस्सा दमदार होतो कारण खेकड्याची चवच वाटणाशी भांडते. हा बिचारा भांडत नाही. पुढच्या वेळी कवचांचं पाणी वापरेन, वाटण निम्मं करेन, आणि शेपट्या अगदी शेवटी, गॅस बंद करून टाकेन.

एक सावधगिरी: कवचं ठेचल्यावर दोनदा गाळावं, दुसऱ्यांदा फडक्यातून. मी एकदा गाळलं. लेकीच्या घशात कणी अडकली, भाताच्या गोळ्याने गेली.

१८ ऑगस्ट, रविवार

बावीस. एकाच्या डोक्यात, जठराच्या भिंतीला चिकटलेले दोन पांढरे खडे सापडले. वाटाण्याच्या डाळीएवढे, एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट, शर्टाच्या बटणासारखे. नखाने वाजवले तर टिक टिक.

कात टाकायची वेळ आली की क्रेफिश जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून घेतो आणि या खड्यांत साठवतो. जुनं कवच सोडलं की अंग मऊ, कुणीही खावं असं. तेव्हा खडे विरघळवून नवं कवच लवकर कडक करून घेतो. जुन्या काळी युरोपात हे खडे 'खेकड्याचे डोळे' म्हणून औषधाला विकत. गोड्या पाण्यात कॅल्शियम समुद्राएवढं नसतं, म्हणून ही तिजोरी. लेकीने दोन्ही खडे धुऊन आगपेटीत ठेवले.

याच फेरीत एक मऊ निघाला, नुकतीच कात टाकलेला. बोटाने दाबला की खळगा पडे. त्याला मात्र सोलावंच लागलं नाही. लोण्यात कुरकुरीत करून नांग्यांसकट खाल्ला. पूर्ण मोसमातला सर्वोत्तम घास हाच, आणि तो ठरवून मिळवता येत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

शेतकरी खूश आहे. म्हणतो, असेच काढत राहा म्हणजे काठ वाचेल. मलाही महिनाभर आपण काहीतरी लोकोपयोगी करतोय असं वाटत होतं. आज वहीतले आकडे मांडले.

आतापर्यंत १४०. नर ९७, मादी ४३. सात सेंटिमीटरपेक्षा लहान फक्त ६.

आता ओढ्यात लहान नाहीतच का? लेकीने गुडघाभर पाण्यातला एक चपटा दगड उचलून पाहिला. खाली नऊ होते, प्रत्येक तिच्या करंगळीच्या नखाएवढा. तिने दगड जिथल्या तिथे ठेवला. एका दगडाखाली नऊ.

यॉर्कशायरमधल्या एका ओढ्यात संशोधकांनी बांध घालून पाणी पुन्हा पुन्हा उपसलं आणि तळातला एकूण एक क्रेफिश मोजायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी एका चौरस मीटरला शंभराहून जास्त निघाले. त्यातले नेहमीच्या सापळ्यात येण्याएवढे मोठे २.३ टक्के. उरलेले जाळीतून आरामात ये-जा करणारे. शिवाय मोठे नर लहानांना खातात. मोठे काढले की लहानांची जागा मोकळी, खाणं जास्त, वाढ जोरात. एजन्सीसुद्धा सापळ्यांना नियंत्रणाचा उपाय मानत नाही. परवानगी देते ती खाण्यासाठी, नदी वाचवण्यासाठी नव्हे.

हे शेतकऱ्याला कसं सांगायचं यावर दुपार गेली. शेवटी वही दाखवली. त्याने १४० हा आकडा पाहिला, मग मी दगडाचं सांगितलं. तो बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही फक्त जेवताय." हो. फक्त जेवतोय. आणि जेवण चांगलं आहे. पण मी नदी स्वच्छ करतोय असं यापुढे कुणाला सांगणार नाही. सापळ्यांच्या जाहिरातीत 'पर्यावरण वाचवा' लिहिलेलं असतं ना, त्याचा मला आता राग येतो.

२९ सप्टेंबर, रविवार

पाणी गार. तीन सापळ्यांत ९. ढासळलेल्या काठापासून दीड मीटर आत शेतकऱ्याने नवे खांब रोवलेत. जुना अजून तारेला लोंबकळतोय.

२० ऑक्टोबर, रविवार

शेवटची फेरी. सात. त्यातली एक मादी अंड्यांची.

शेपटी पोटाशी घट्ट दुमडून बसली होती. उघडली तर खाली काळसर अंडी, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, शेपटीखालच्या पायांना घडासारखी चिकटलेली. ही अंडी ती पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बाळगते, शेपटी हलवून त्यांना ताजं पाणी देत राहते. दोनशे-चारशे तरी असतात. फुटून बाहेर येतात तेही अळ्या नव्हे, तयार चिमुकले क्रेफिश, आणि काही दिवस आईलाच धरून राहतात.

लेक म्हणाली, "बाबा, हिला सोडू या?"

सोडता येत नाही, असं म्हटलं. कायदा आहे, आणि कायद्याला कारण आहे. तिला पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशची गोष्ट माहीत आहे, तिनेच शाळेत सांगितलीये. तरी तिने अंडी मोजायला घेतली. एकशे बारापर्यंत मोजली आणि मग पेटीचं झाकण तिनेच उघडून धरलं.

सहा उकडले. सातवी कांद्याच्या रिकाम्या वाफ्यात पुरली, लेकीच्या सांगण्यावरून, नेहमीपेक्षा खोल.

सापळे गरम पाण्यातून काढून शेडमध्ये टांगलेत. तिसऱ्या सापळ्याची एक कडी सैल झालीये, ती शिवायची आहे. बिल्ले पाकिटात घातले. आगपेटीतले दोन खडे घरी खिडकीत आहेत.